जैववैद्यकीय संशोधनातील नॅनोस्तरीय मापन आणि पूरक संशोधन निधी : ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश

जैववैद्यकीय क्षेत्रात नॅनोकणांवर होणारे संशोधन आता महानगरांतील मोठ्या संस्थांपुरते उरलेले नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही ते होत आहे. नॅनोकण तयार करणे अल्पखर्चाचे असले तरी त्यांचे विश्वसनीय मापन खर्चिक, वेळखाऊ आणि परावलंबी आहे. संशोधन प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात या मापनासाठी बहुधा स्वतंत्र तरतूद नसते. प्रस्तुत लेखात नॅनोस्तरीय मापनाचे स्वरूप, त्यातील अडचणी आणि त्या दूर करण्यासाठी मूळ अनुदानास जोड देणाऱ्या पूरक निधीची संकल्पना स्पष्ट केली आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथील पाझर तलावाच्या दुरुस्तीचा दाखला आणि आय. आय. टी. मुंबई येथील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्राचा अनुभव यांच्या आधारे, नवे उपकरण विकत घेण्यापेक्षा असलेले उपकरण योग्य रीतीने वापरता येण्यासाठी दिलेला लहान निधी ग्रामीण महाविद्यालयांना अधिक उपकारक ठरू शकतो, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : नॅनोकण, मापन, अनिश्चितता, निर्देशक द्रव्य, पूरक निधी, सामायिक उपकरण केंद्र.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुका हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. या तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोट क्षेत्र विकासामुळे देशभर परिचित झाले. या गावापासून पुणे सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटर अंतरावर आहे. परिसरातील महाविद्यालयात रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकास वनस्पतीच्या पानांचा अर्क आणि सिल्व्हर नायट्रेट यांपासून रौप्य नॅनोकण तयार करता येतात. त्यासाठी चंचुपात्र, तापक, अपकेंद्रण यंत्र आणि दृश्य-अतिनील वर्णपटमापी एवढी सामग्री पुरते. द्रावणाचा रंग पिवळसर तपकिरी झाला आणि ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचे शिखर दिसले की रौप्य नॅनोकण तयार झाल्याचा प्राथमिक संकेत मिळतो.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. हे कण किती आकाराचे आहेत? सर्व कण सारख्याच आकाराचे आहेत काय? रक्तद्रवात किंवा पेशी वाढविण्याच्या माध्यमात ते सुटे राहतात की त्यांचे पुंजके होतात? जिवाणू मेले ते कणांमुळे, की कणांपासून विरघळलेल्या रौप्य आयनांमुळे? या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास लागणारी उपकरणे पुण्यात किंवा मुंबईत असतात. तेथे जाण्याचा, नमुना नेण्याचा, मापन पुन्हा करून घेण्याचा खर्च प्रकल्पाच्या कोणत्या लेखाशीर्षात बसवावा, हे अनेकदा स्पष्ट नसते. परिणामी एकच छायाचित्र, एकच आलेख आणि त्यावर आधारलेला मोठा निष्कर्ष अशी लेखनाची रीत रूढ होते.

हा केवळ शोधनिबंधाच्या दर्जाचा प्रश्न नाही. जैववैद्यकीय संशोधनाचा अंतिम उपयोग माणसाच्या जखमेवर, रक्तात किंवा श्वसनमार्गात व्हावयाचा असतो. कणाच्या आकाराविषयी चुकीची माहिती पुढे गेली तर मात्रेचा हिशेब चुकतो. म्हणून मापनासाठी लागणाऱ्या निधीचा विचार संशोधनाच्या नैतिकतेचाही भाग आहे.

२. नॅनोस्तरीय मापनाचे स्वरूप

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. मानवी तांबडी रक्तपेशी सुमारे ७,००० ते ८,००० नॅनोमीटर व्यासाची असते, डी. एन. ए. च्या दुहेरी सर्पिलाचा व्यास केवळ दोन नॅनोमीटर असतो. या दोहोंच्या दरम्यान विषाणू, प्रथिने आणि औषधवाहक कण येतात. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकास दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे मर्यादा पडते. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यास वेगळे दाखविता येत नाहीत. ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न किती महत्त्वाचे मानले गेले, हे नोबेल पारितोषिकांवरून दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्रमवीक्षी टनेलिंग सूक्ष्मदर्शक यांसाठी १९८६ मध्ये, अतिविभेदक प्रतिदीप्ति सूक्ष्मदर्शनासाठी २०१४ मध्ये आणि शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी २०१७ मध्ये हे पारितोषिक देण्यात आले. मापनाचे साधन घडविणे हाच या प्रत्येक वेळी मूलभूत शोध ठरला.

नॅनोकणांच्या मापनासाठी आज प्रामुख्याने चार पद्धती वापरल्या जातात. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजेच टी. ई. एम. मध्ये, वाळविलेल्या कणांची छायाचित्रे मिळतात व त्यांवरून कणांचा गाभा मोजता येतो. क्रमवीक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पृष्ठभागाचे चित्र मिळते. आण्विक बल सूक्ष्मदर्शकात अतिसूक्ष्म टोकाच्या साहाय्याने कणाची उंची मोजली जाते. गतिक प्रकाश विकिरण, म्हणजेच डी. एल. एस., या पद्धतीत द्रवातील कणांच्या हालचालीवरून त्यांचा द्रवगतिक व्यास काढला जातो. क्ष-किरण विवर्तनावरून शेररच्या सूत्राने जो आकार निघतो तो स्फटिकखंडाचा असतो. एका कणात अनेक स्फटिकखंड असू शकतात. म्हणून तो कणाचा आकार मानणे योग्य नव्हे.

या पद्धती एकमेकींना पर्याय नाहीत. प्रत्येक पद्धत कणाचा वेगळा गुणधर्म मोजते आणि त्यास ‘आकार’ हेच नाव देते. नेमका येथेच गोंधळ सुरू होतो.

३. एकच नमुना, अनेक उत्तरे

हा गोंधळ किती खोल आहे हे एका प्रमाणित उदाहरणावरून लक्षात येईल. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २००८ च्या सुमारास सुवर्ण नॅनोकणांची तीन निर्देशक द्रव्ये उपलब्ध करून दिली. त्यांचे नाममात्र आकार १०, ३० व ६० नॅनोमीटर होते. जैववैद्यकीय संशोधकांना आपली उपकरणे तपासून पाहता यावीत, हा त्यामागील हेतू होता. त्यांपैकी १० नॅनोमीटर नाममात्र आकाराच्या द्रव्याचा सरासरी व्यास आण्विक बल सूक्ष्मदर्शकाने सुमारे ८.५, टी. ई. एम. ने ८.९, क्रमवीक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ९.९ आणि डी. एल. एस. ने १३.५ नॅनोमीटर असा नोंदविला गेला. नमुना एकच, मोजणारे तज्ज्ञ, उपकरणे उत्तम. तरीही उत्तरे भिन्न. ६० नॅनोमीटरच्या द्रव्याबाबत मात्र टी. ई. एम. व डी. एल. एस. यांची उत्तरे अनुक्रमे ५६.० व ५६.६ अशी जवळजवळ जुळली.

या भिन्नतेत कोणाचीही चूक नाही. टी. ई. एम. धातूचा गाभा दाखवितो; डी. एल. एस. त्या गाभ्याबरोबर हालणाऱ्या द्रवाच्या व रेणूंच्या थराचाही हिशेब धरतो. शिवाय लहान कणांनी विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या एका कणापेक्षा दहा लाख पट अधिक प्रकाश विखुरतो. द्रावणात धुळीचे थोडे कण किंवा काही पुंजके असले तरी डी. एल. एस. चे उत्तर मोठ्या आकाराकडे झुकते. उलटपक्षी टी. ई. एम. मध्ये निवडलेल्या एका चौकटीत चाळीस-पन्नास कण दिसत असतील, तर त्यावरून संपूर्ण नमुन्याचे वितरण सांगणे धाडसाचे ठरते. त्यासाठी वेगवेगळ्या चौकटींतील शेकडो कण मोजावे लागतात.

आता ८.९ आणि १३.५ या दोन आकड्यांचा व्यवहारातील अर्थ पाहू. गोलाकार कणाचे आकारमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. या दोन व्यासांचे गुणोत्तर सुमारे १.५ आहे, त्याचा घन सुमारे साडेतीन होतो. तेवढ्याच वजनाच्या सोन्यात किती कण आहेत हे पहिल्या आकड्यावरून काढले, तर दुसऱ्या आकड्यावरून काढलेल्या संख्येच्या साडेतीन पट उत्तर येते. एका पेशीस किती कणांची मात्रा दिली, या साध्या प्रश्नाचे उत्तर मापनपद्धती न सांगता देता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

४. मापनातील उणीव आणि तिचे परिणाम

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये रौप्य नॅनोकणांवर आधारित, त्वचेवर लावावयाच्या प्रतिजैविक जेलविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वापरलेले कण ७ ते २० नॅनोमीटर या पल्ल्यातील होते. जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा, पेशींवरील परिणाम आणि त्वचेवरील सुरक्षितता अशा क्रमाने हा अभ्यास पुढे गेला. महाराष्ट्रातील संशोधकांना जवळचा वाटावा असा हा दाखला आहे. वरील पल्ल्यातच पाहिले तर २० नॅनोमीटरच्या एका कणात ७ नॅनोमीटरच्या सुमारे २३ कणांएवढे रौप्य असते आणि तेवढ्याच वजनाच्या लहान कणांचा एकूण पृष्ठभाग जवळजवळ तिपटीने अधिक असतो. आयन पृष्ठभागावरूनच सुटत असल्यामुळे परिणामकारकता आणि विषाक्तता ही दोन्ही कणांच्या आकारवितरणाशी निगडित राहतात. म्हणून औषधाच्या दिशेने जाणाऱ्या कोणत्याही कामात आकाराचा पल्ला सांगणे अपरिहार्य असते.

आकाराव्यतिरिक्त आणखी तीन बाबींकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली, नॅनोकण रक्तद्रवात गेल्यावर त्यावर प्रथिनांचे आवरण चढते. पेशीला प्रत्यक्ष भेटतो तो हा आवरणयुक्त कण, परीक्षानळीतील कण नव्हे. म्हणून शुद्ध पाण्यातील मापन पुरेसे ठरत नाही. दुसरी, नमुन्यात जिवाणूजन्य एंडोटॉक्सिनचा अंश राहिला तर पेशींमध्ये उठणारी दाहक प्रतिक्रिया कणांच्या खात्यावर मांडली जाते. तिसरी, साठवणीत कण बदलतात; आज केलेले मापन महिन्याभराने खरे असेलच असे नाही. जैव-नॅनो क्षेत्रातील शोधनिबंधांत किमान कोणती माहिती द्यावी, याविषयीची ‘मिरिबेल’ ही नियमावली २०१८ मध्ये मांडली गेली. भारतातही जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नियामकांकडून अपेक्षा वाढत असताना महाविद्यालयीन संशोधनास त्या पूर्ण करण्याचे साधन मिळाले पाहिजे.

५. पूरक निधीची संकल्पना

पूरक निधी म्हणजे आधीच मंजूर झालेल्या आणि चालू असलेल्या प्रकल्पास, त्याचे उद्दिष्ट न बदलता, विशिष्ट गरजेसाठी दिलेली जोड. नवा प्रकल्प, नवी स्पर्धा, नवी समिती असा सर्व खटाटोप त्यात अभिप्रेत नसतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या व्यवस्थेत याचे दोन प्रकार केलेले आढळतात. मूळ प्रकल्पाच्या कक्षेतच राहणाऱ्या वाढीव खर्चासाठी प्रशासकीय स्वरूपाची जोड दिली जाते व तिची छाननी तुलनेने सुटसुटीत असते. प्रकल्पाची व्याप्ती वाढवावयाची असेल तर मात्र पुन्हा स्पर्धात्मक परीक्षण होते. हा भेद महत्त्वाचा आहे. कणांचे मापन अधिक काटेकोर करणे म्हणजे प्रकल्पाची व्याप्ती वाढविणे नव्हे. तो प्रकल्प नीट पूर्ण करणे होय.

जोड रकमेच्या रूपातच दिली पाहिजे असे नाही. ती सेवेच्या रूपातही देता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००४ मध्ये निस्ट व अन्न-औषध प्रशासन यांच्या सहकार्याने नॅनोतंत्रज्ञान गुणनिर्धारण प्रयोगशाळा उभारली. निवड झालेल्या संशोधकांच्या नमुन्यांची भौतिक, रासायनिक व जैविक तपासणी तेथे विनामूल्य करून दिली जाऊ लागली. वर उल्लेखिलेली सुवर्णकणांची निर्देशक द्रव्येही याच सहकार्यातून आली. संशोधकाच्या हाती पैसा देण्याऐवजी त्यास विश्वसनीय मापन देणे, असे या व्यवस्थेचे सार सांगता येईल.

६. राळेगणसिद्धीचा पाझर तलाव : पूरक प्रयत्नाचा एक दाखला

पूरक गुंतवणुकीचे तत्त्व समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेबाहेरचे एक उदाहरण उपयुक्त ठरेल. राळेगणसिद्धी येथे वार्षिक पाऊस साधारणतः ४०० ते ५०० मिलिमीटर पडतो. गावात पाझर तलाव बांधलेला होता, परंतु त्याच्या बांधातून गळती होत असल्याने पाणी टिकत नव्हते. १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले. त्यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी श्रमदान करून हा बांध दुरुस्त केला. त्यानंतर तलावाखालील सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. पुढे नालाबांध, समतल चर, वृक्षलागवड, चराईबंदी आणि अधिक पाणी पिणाऱ्या पिकांवर निर्बंध अशी कामे होत गेली; तथापि प्रारंभ झाला तो नव्या बांधकामाने नव्हे, तर जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीने.

या घटनेतील अर्थशास्त्र साधे आहे. तलावावरील मोठा खर्च आधीच झाला होता, पण त्याचा लाभ मिळत नव्हता. त्यास अल्प जोड मिळताच आधीचा संपूर्ण खर्च फलद्रूप झाला. आपल्याकडील उच्च प्रतीच्या उपकरणांची स्थिती काही अंशी अशीच आहे. उपकरण आहे, तज्ज्ञ आहेत. परंतु ग्रामीण महाविद्यालयातील संशोधक आणि ते उपकरण यांच्यामधल्या जागेत गळती आहे. ती प्रवासखर्चात, नमुना तयार करण्याच्या अज्ञानात, पुनर्मापनाच्या अभावात आणि निष्कर्ष वाचण्याच्या प्रशिक्षणात आढळते. ही गळती बुजविणारा निधी म्हणजेच पूरक निधी.

हा दाखला एका मर्यादेतच घ्यावयाचा आहे. श्रमदानाने बांध दुरुस्त होतो; टी. ई. एम. चे शुल्क भरता येत नाही. प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून विश्लेषणाचा खर्च करावा, असा अर्थ त्यातून काढणे अन्यायाचे होईल.

७. भारतातील व महाराष्ट्रातील व्यवस्था

भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००१ मध्ये नॅनोविज्ञानासाठी उपक्रम सुरू केला आणि मे २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांच्या ‘नॅनो मिशन’ला मंजुरी मिळाली. याच विभागाने १९७० च्या दशकापासून देशात प्रादेशिक अत्याधुनिक उपकरण केंद्रे उभारली. ती आज ‘सैफ’ या नावाने ओळखली जातात व त्यांपैकी एक आय. आय. टी. मुंबई येथे आहे. शुल्क भरून कोणत्याही संस्थेतील संशोधक तेथे विश्लेषण करून घेऊ शकतो. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘फिस्ट’ योजनेने विभागांच्या पायाभूत सुविधांस, तर जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेने पदवी स्तरावरील प्रयोगशाळांस साहाय्य केले. जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाल्यावर देशातील उपकरणांचा शोध घेणे व वेळ आरक्षित करणे सोपे झाले.

पूरक निधीच्या सर्वांत जवळ जाणारा अनुभव मात्र आय. आय. टी. मुंबई येथील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स उत्कृष्टता केंद्राचा आहे. केंद्र शासनाच्या तत्कालीन माहिती तंत्रज्ञान विभागाच्या अर्थसाहाय्याने २००६ मध्ये मुंबई व बंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्था अशा दोन ठिकाणी ही केंद्रे उभारण्यात आली. प्रा. व्ही. रामगोपाल राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई येथे अतिसूक्ष्म कँटिलिव्हरवर आधारित हृदयविकाराच्या निदानाच्या संवेदकांवर काम केले. नॅनोस्तरावरील मापन रुग्णाच्या उपयोगास कसे येऊ शकते याचे हे उदाहरण होय. या केंद्रांवरील मोठा खर्च झाल्यानंतर २००८ मध्ये ‘इनुप’ हा स्वतंत्र कार्यक्रम जोडण्यात आला. देशभरातील इतर संस्थांच्या संशोधकांनी व प्राध्यापकांनी या केंद्रांत येऊन प्रशिक्षण घ्यावे आणि प्रत्यक्ष काम करावे, यासाठी हा निधी होता. उपकरणांचा पहिला निधी आणि वापरकर्त्यांचा दुसरा निधी अशी ही जोडणी आहे. दुसऱ्या निधीवाचून पहिल्या निधीचा लाभ त्या दोन संकुलांच्या भिंतींआड राहिला असता. पुढील टप्प्यात आणखी काही आय. आय. टी. या कार्यक्रमात आल्या.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या वाट्याला येणाऱ्या अनुदानाचे स्वरूप याहून वेगळे राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पात बाराव्या योजनेच्या काळात विज्ञान शाखेसाठी पाच लाख रुपयांची मर्यादा होती. त्यातून उपकरणे, रसायने, प्रवास व आकस्मिक खर्च भागवावयाचा असे. अशा लहान प्रकल्पात विश्लेषणशुल्क हे बहुधा शेवटी उरलेल्या रकमेतून दिले जाते. रसायनांचा खर्च आधी होतो, मापन वर्षअखेरीस ढकलले जाते आणि मार्चपूर्वी उपयोगिता प्रमाणपत्र देण्याच्या घाईत जे एक मापन होते तेच अंतिम मानावे लागते. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अधिनियम २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर राज्य विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यातील संशोधनक्षमता वाढविण्याचा विषय राष्ट्रीय धोरणाच्या केंद्रस्थानी आला आहे. मापनासाठीच्या जोड निधीची मागणी मांडण्यास हा काळ अनुकूल आहे.

८. पूरक मापन-निधीत कोणत्या बाबी असाव्यात

पुढील बाबींचा समावेश अशा निधीत असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

(अ) पुनर्मापन : एकाच कृतीने स्वतंत्रपणे तयार केलेल्या किमान तीन नमुन्यांचे मापन व्हावे. एका नमुन्याचे तीन वेळा केलेले मापन उपकरणाची परिशुद्धता दाखविते. तीन स्वतंत्र नमुन्यांचे मापन कृतीची पुनरावृत्तिक्षमता दाखविते. हा फरक विद्यार्थ्यांनाही शिकविण्यासारखा आहे.

(आ) दोन स्वतंत्र पद्धती : कोरड्या अवस्थेतील एक आणि द्रवातील एक अशा किमान दोन पद्धतींनी आकार मोजला जावा.

(इ) निर्देशक द्रव्य : आपले मापन मानकाशी जोडण्यासाठी प्रमाणित द्रव्य वापरावे. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ही देशाची मापनविषयक शिखर संस्था असून ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने प्रमाणित द्रव्यांचा उपक्रम चालविते. अशा द्रव्यांची किंमत प्रकल्पात धरली गेली पाहिजे.

(ई) प्रवास : संशोधकाने नमुन्यासोबत जाणे हा चैनीचा खर्च नव्हे. पारनेरहून मे महिन्याच्या उन्हात कुरिअरने मुंबईस गेलेले कलिल द्रावण तेथे पोहोचेपर्यंत पुंजके धरू शकते. नमुना ताजा असताना जाळीवर घेणे, थंड ठेवणे, निघण्यापूर्वी व पोहोचल्यावर वर्णपट तपासणे या साध्या गोष्टींनी निष्कर्षाची विश्वसनीयता वाढते. शिवाय उपकरणाजवळ बसलेला संशोधक चौकटींची निवड कशी झाली हे स्वतः पाहतो.

(उ) प्रशिक्षण : मापनाची कच्ची आधारसामग्री वाचणे, अनिश्चितता काढणे आणि ती शोधनिबंधात नोंदविणे यांसाठी प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी यांचे अल्पकालीन प्रशिक्षण व्हावे.

(ऊ) जैविक शुद्धता : एंडोटॉक्सिन चाचणी आणि विरघळलेल्या आयनांचे मापन यांसाठी तरतूद असावी.

९. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की, महाविद्यालयासच एखादे डी. एल. एस. किंवा आण्विक बल सूक्ष्मदर्शक घेऊन दिले तर हा प्रश्न कायमचा सुटेल. काही महाविद्यालयांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु उपकरणाबरोबर वार्षिक देखभाल करार, अखंड वीजपुरवठा, कंपनरहित व वातानुकूलित जागा आणि प्रशिक्षित चालक यांची गरज येते. या बाबींची तरतूद खरेदीच्या अनुदानात क्वचितच असते. हमीचा कालावधी संपल्यावर एखादा भाग बिघडला की उपकरण आच्छादनाखाली जाते. सामायिक उपकरणाचा पुरेपूर वापर आणि वापरकर्त्यास पूरक निधी ही जोडी अशा स्थितीत अधिक किफायतशीर ठरते.

दुसरा आक्षेप, अशा निधीचा अपव्यय होईल. त्यावर उपाय आहे. रक्कम संशोधकाच्या हाती न देता मापनाच्या तासांच्या रूपात सामायिक केंद्राच्या खाती जमा करता येईल. झालेले मापन, त्याची कच्ची आधारसामग्री व दिनांक केंद्राकडेच नोंदले जातील. लेखापरीक्षणही सुलभ होईल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काटेकोर मापनाची अट घातली तर ग्रामीण महाविद्यालयांतील संशोधन मागे पडेल, अशी भीती व्यक्त होऊ शकते. अट घालून साधन न दिल्यास ती भीती खरी ठरेल. म्हणूनच अट आणि निधी यांचा विचार एकत्र करणे आवश्यक आहे. आज साधनाअभावी ग्रामीण संशोधकाचे काम ‘आणखी एक वनस्पती, आणखी एक कण’ एवढ्याच पातळीवर अडकते. त्याच्या परिसरातील वनस्पती, तेथील आजार व जखमांचे स्वरूप यांविषयीचे त्याचे ज्ञान मोलाचे आहे. मापनाचा आधार मिळाल्यास त्या ज्ञानास वैज्ञानिक जगात ऐकून घेतले जाईल.

१०. शिफारशी

१. विद्यापीठांनी आपल्या संशोधन अनुदान योजनांत विश्लेषण व मापन असे स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवावे आणि त्यातील रक्कम अन्य बाबींकडे वळविता येऊ नये.

२. चालू प्रकल्पास मूळ अनुदानाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के एवढी मापनविषयक जोड, दोन पानी अर्जावर व ठरावीक मुदतीत मंजूर करण्याची पद्धत सुरू करावी.

३. एका तालुक्यातील वा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपले नमुने एकत्र करून सामायिक केंद्राकडे एकाच दिवसाचे आरक्षण घ्यावे. यामुळे प्रवासखर्च विभागला जाईल आणि प्राध्यापकांना परस्परांच्या कामाची ओळख होईल.

४. संशोधन केंद्र असलेल्या महाविद्यालयांनी पीएच.डी. प्रबंधात मापनपद्धती, मोजलेल्या कणांची संख्या व अनिश्चितता यांची नोंद अपेक्षित धरावी.

५. महाविद्यालयांच्या संशोधनपत्रिकांनी नॅनोकणांवरील लेख स्वीकारताना वरील किमान माहितीचा आग्रह धरावा.

११. निष्कर्ष

नॅनोस्तरावर मापन हे प्रयोगाच्या शेवटी उरकावयाचे काम नसून तोच प्रयोगाचा गाभा आहे. एकाच द्रव्याचा आकार पद्धतीनुसार ८.५ पासून १३.५ नॅनोमीटरपर्यंत बदलू शकतो, हे लक्षात घेतल्यास एकाच मापनावर औषधाची मात्रा किंवा सुरक्षितता ठरविणे किती जोखमीचे आहे हे कळून येते. या जोखमीचा भार अखेरीस रुग्णावर पडतो. देशात व राज्यात उत्तम उपकरणे आहेत. त्यांच्यापर्यंत ग्रामीण संशोधकास पोहोचविणारी आर्थिक जोड अपुरी आहे. ‘इनुप’सारख्या कार्यक्रमाने अशी जोड देता येते हे दाखवून दिले आहे. तिचा विस्तार जैववैद्यकीय मापनापर्यंत आणि तालुका स्तरावरील महाविद्यालयांपर्यंत व्हावा. त्यासाठी प्राध्यापकांनी पुढील प्रकल्पाचा प्रस्ताव लिहितानाच मापनाचे लेखाशीर्ष स्वतंत्रपणे मांडावे आणि त्याचे समर्थन आकड्यांनिशी करावे.